‘भिऊ नकोस’ एवढ्याने भागत नाही

(पालक मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



एक घर डोळ्यांपुढे आणावे. ते डोंबिवलीत असेल, साताऱ्यात असेल, लातुरातही असेल. घरात आई-वडील आहेत, गावाहून आलेली आजी आहे आणि सात वर्षांचा मुलगा आहे. वडील विद्यार्थिदशेपासून शाखेत जाणारे. घरात शिवछत्रपतींची तसबीर आहे, कपाटात थोरांची चरित्रे आहेत. महिनाभरापूर्वी नवे घर झाले आणि मुलाला झोपण्यासाठी स्वतंत्र खोली मिळाली. दिवसा तो मित्रांना मोठ्या तोऱ्यात ‘माझी खोली’ दाखवतो. रात्र झाली की मात्र त्याला तीनदा तहान लागते, मग पोटात दुखते, आणि शेवटी खरे कारण बाहेर येते, “बाबा, खिडकीत कोणीतरी आहे.”

वडील दिवसभराच्या कामाने थकलेले असतात. ते म्हणतात, “महाराजांच्या गोष्टी रोज ऐकतोस ना? मावळे असे रडत होते का? झोप मुकाट्याने.” दिवा मालवून ते निघून जातात. मुलगा चादर डोक्यावरून ओढून घेतो. दुसऱ्या रात्री तो हाक मारत नाही, तिसऱ्या रात्रीही नाही. वडिलांना समाधान वाटते की, थोडे कडक बोललो, पण मुलगा सुधारला. पुढे आठवडाभराने बालांच्या निवासी शिबिराचे पत्रक घरी येते. मुलगा ते वाचतो आणि एवढेच म्हणतो, “मला नाही जायचे.” कारण विचारले तर खाली मान घालून गप्प बसतो.

त्या मुलाची भीती गेलेली नव्हती. तिची वार्ता वडिलांपर्यंत पोहोचणे तेवढे थांबले होते. आजच्या विषयाचे मर्म या एका गोष्टीत आहे.

भीती हा दोष नव्हे

साधारणपणे तीन ते सहा या वयात मुलाची कल्पनाशक्ती झपाट्याने फुलते. जी कल्पना दिवसा उशीचा घोडा आणि पट्टीची तलवार करते, तीच रात्री खुंटीवरच्या सदऱ्याचा माणूस करते. घडलेले आणि मनाने रचलेले यांतील सीमारेषा या वयात पक्की झालेली नसते. पुढे सातव्या-आठव्या वर्षी राक्षस आणि भुते मागे पडू लागतात, आणि त्यांची जागा चोर, आग, अपघात, आई-वडिलांचे आजारपण अशा खऱ्या जगातील भीती घेतात. दिवसा मन गुंतवायला शाळा असते, खेळ असतो, सवंगडी असतात. रात्री दिवा मालवला की मूल प्रथमच एकटे आपल्या विचारांच्या समोर येते. म्हणून दिवसभराची सारी भीती त्या घटकेला गोळा होते. हा वाढीचा एक टप्पा आहे आणि बहुतेक मुले योग्य आधार मिळाला की तो ओलांडतात.

या संदर्भात दोन बालपणे शेजारी ठेवून पाहण्याजोगी आहेत. कोलकात्याच्या नरेंद्रनाथ दत्त या मुलाची गोष्ट चरित्रकारांनी नोंदवली आहे. मित्राच्या अंगणातील चाफ्याच्या झाडावर तो उलटा लोंबकळत असे. झाडावर ब्रह्मदैत्य राहतो आणि चढणाऱ्याची मान मोडतो, असे त्या घरातील वृद्धाने बजावले. वृद्धाची पाठ वळताच नरेंद्र पुन्हा झाडावर चढला. गोष्ट खरी असती तर आपली मान केव्हाच मोडली असती, असा त्याचा युक्तिवाद होता. हाच मुलगा पुढे स्वामी विवेकानंद झाला.

दुसरे बालपण काठेवाडातील मोहनदास गांधी यांचे. चोर, भुते आणि साप यांच्या भीतीने रात्री घराबाहेर पाऊल टाकण्याचा धीर होत नसे आणि खोलीत दिव्याशिवाय झोप लागत नसे, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत स्वतःच दिली आहे. लहानपणी त्यांना सांभाळणाऱ्या रंभा या बाईने भुतांच्या भीतीवर रामनाम घेण्यास सांगितले. तो जप त्या वयात फार दिवस टिकला नाही, पण पेरलेले बी फुकट गेले नाही, असेही ते नमूद करतात. अंधाराला भिणारा हाच मुलगा १९४७ च्या जानेवारीत, वयाच्या ७७ व्या वर्षी, नौखालीतील दंगलीने होरपळलेल्या खेड्यांतून अनवाणी चालत गेला. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतील, पण त्या पायपिटीला भित्रेपणा कोणी म्हणणार नाही.

एक मूल स्वभावतःच निर्भय होते, दुसरे भीतीने ग्रासलेले. दोघेही पुढे निर्भय झाले. तेव्हा सात वर्षांच्या मुलावर ‘भित्रा’ असा शिक्का मारण्याची घाई कोणी करू नये. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना अभयापासून सुरू होते. अभय ही संपत्ती आहे, आणि संपत्ती मिळवावी लागते. ती मिळेपर्यंत घराने मुलाला हात द्यायचा असतो.

भीती येते कोठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम आपल्याच स्वयंपाकघरात डोकावावे लागते. “जेव, नाहीतर बागुलबुवा येईल,” “झोप, नाहीतर बुवाला बोलावते,” “दंगा केलास तर पोलीस पकडून नेतील,” “थांब, डॉक्टरकाकांना सांगून सुई टोचायला लावते,” ही वाक्ये सुसंस्कृत घरांतूनही सर्रास ऐकू येतात. घास लवकर संपतो खरा, पण संध्याकाळी आईने बोलावलेला बागुलबुवा रात्री अंथरुणाशी येतो, तेव्हा ‘असे काही नसते’ हे तिचे म्हणणे मुलाने कोणत्या आधारावर खरे मानावे? शिवाय संकटात मुलाने ज्यांच्याकडे धावत जायचे, त्या पोलिसाला आणि डॉक्टरलाच या धाकाने शत्रू करून ठेवलेले असते. देवाचेही तसेच. ‘देवबाप्पा शिक्षा करील’ असे ऐकत वाढलेल्या मुलाला रात्री देवाचा आधार वाटत नाही.

आजी दृष्ट काढते त्यामागे निखळ माया असते. परंतु ‘कोणाची तरी नजर लागली आहे’ हे मुलाच्या देखत बोलले गेले, तर कोणी तरी अदृश्यपणे आपले वाईट करू शकते, असा नवा धडा ते मूल घेते. मग गंडेदोरे आणि मांत्रिक यांच्या मागे लागणे तर मुलाची भीती खरी आहे असे घराने जाहीर करण्यासारखेच होय.

दुसरा मार्ग पडद्यावरून येतो. घरात मोठी माणसे गुन्हेगारीच्या मालिका पाहत असतात आणि मूल तेथेच चित्रे रंगवत बसलेले असते. ‘त्याचे लक्ष नाही’ असे समजले जाते. ते खरे नसते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्याची दृश्ये वाहिन्यांवर दिवस-रात्र चालू होती. तीच दृश्ये पुन्हा दाखवली जात आहेत हे लहान मुलाला कळत नाही. प्रत्येक वेळी नवा हल्ला झाला असे त्याला वाटू शकते. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या काळात वाहिन्यांनी कार्यक्रमांत हवाई हल्ल्याच्या भोंग्याचे आवाज वापरण्यास सुरुवात केली, तेव्हा तसे करू नये अशी सूचना शासनाला काढावी लागली. देशावरील संकट मुलांना जरूर सांगावे. ते आई-वडिलांनी, त्यांना समजेल अशा शब्दांत आणि दिवसाउजेडी सांगावे.

पाठीशी असणे म्हणजे काय?

अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचे अभयवचन महाराष्ट्रातील असंख्य घरांत भिंतीवर लावलेले दिसते. त्या वचनाला दोन अंगे आहेत. एक भय टाकण्यास सांगते, दुसरे पाठीशी असल्याची ग्वाही देते. पालक पहिले अंग मुलाला देतात आणि दुसरे विसरतात. नुसते ‘भिऊ नकोस’ म्हणणे ही आज्ञा झाली, आणि भीती आज्ञेने जात नाही.

तथापि पाठीशी असणे म्हणजे मुलाला रोज कुशीत घेऊन झोपणे नव्हे. आपल्याकडे मुले आई-वडिलांजवळ झोपतात, त्यात गैर काही नाही. एका खोलीत सारे कुटुंब झोपण्यातच अनेक पिढ्या निर्भयपणे वाढल्या. परंतु स्वतंत्र झोपण्याचे ठरल्यावर मुलगा रडला की दर रात्री उचलून आणायचे, याचा अर्थ मुलाच्या मनात एवढाच होतो की, त्या खोलीत खरोखरच काहीतरी आहे आणि आपण तिला तोंड देऊ शकत नाही. टिंगल आणि अतिलाड ही दोन टोके आहेत. दोन्हींमुळे भीती घर करून राहते.

पाठीशी असण्याचा आरंभ ऐकून घेण्यापासून होतो. “कोठे दिसते? केव्हा दिसते? कसला आवाज येतो?” हे शांतपणे विचारावे, आणि तेही दिवसा. मुलाला त्याचे चित्र काढायला सांगावे. भीती अमूर्त असते तोवर ती मोठी असते. कागदावर उतरली की तिला आकार आणि मर्यादा येते.

त्यानंतर रात्री त्याचा हात धरून ती जागा दाखवावी. नळाचे ठिबकणे, पंख्याची करकर, खिडकीवरील कबुतराची फडफड, रस्त्यावरच्या दिव्याने पडलेली झावळीची सावली, हे मुलाने स्वतः शोधून काढले पाहिजे. मात्र रोज रात्री पलंगाखाली वाकून ‘भूत नाही ना’ असे पाहण्याचा परिपाठ पाडू नये. ज्याअर्थी बाबा रोज शोधतात त्याअर्थी ते कधीतरी सापडणार, असा अर्थ मूल काढते. एकदा नीट पाहावे आणि तो विषय मिटवावा.

एकेक पायरी

अंधाराशी मैत्री खेळातून होते. आंधळी कोशिंबीर हा खेळ आपल्या पूर्वजांनी काही उगीच राखला नाही. डोळे बांधलेले मूल हसत-खिदळत अंधारात चाचपडते आणि अंधार म्हणजे केवळ न दिसणे, हे त्याला शरीराने कळते. दिवे मालवून विजेरीच्या झोतात भिंतीवर हातांच्या सावल्यांचे ससे, पक्षी करावेत. आपल्याला भिवविणारी सावली आपणच करू शकतो, हा शोध लहान मुलाला फार मोठा असतो.

झोपेच्या वेळचा क्रम ठरलेला असावा. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाच्या झोपेसह १० ते १३ तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. अपुरी झोप झालेले मूल रात्री अधिक घाबरते, आणि घाबरल्याने झोप आणखी कमी होते. हे चक्र तोडण्यासाठी जेवण लवकर व्हावे, झोपेआधी तासभर दूरदर्शन आणि मोबाइल बंद असावा, मग हातपाय धुणे, गोष्ट, प्रार्थना आणि दिवा मंद करणे, हा क्रम रोज तोच राहावा.

प्रार्थनेत रामरक्षेचे स्थान विचार करण्याजोगे आहे. बुधकौशिक ऋषींना ती भगवान शंकरांनी स्वप्नात सांगितली आणि सकाळी जागे होताच त्यांनी ती लिहिली, असे स्तोत्रातच म्हटले आहे. तिच्यातील कवच मस्तकापासून सुरू होते आणि कपाळ, डोळे, कान असे एकेका अवयवाचे रक्षण मागत पावलांपर्यंत येते. मुलाने अंथरुणात पडून त्या-त्या अवयवाला हात लावत, सावकाश श्वास घेत ती म्हणावी. शरीराचा एकेक भाग सैल सोडत झोपेकडे जाण्याची जी पद्धत आज मानसोपचारात शिकवतात, तिचे याच्याशी असलेले साम्य सहज ध्यानात येईल. ज्याला मारुतिस्तोत्र आवडते त्याने ते म्हणावे. मात्र ‘म्हटले नाहीस तर भूत येईल’ अशी अट कोणी घालू नये. स्तोत्र हा सोबतीचा आनंद राहिला पाहिजे.

आता पायऱ्या. पहिले काही दिवस आईने किंवा वडिलांनी झोप लागेपर्यंत मुलाच्या अंथरुणाशी बसावे. मग खुर्ची दाराशी न्यावी. मग दाराबाहेर बसावे, दार उघडे ठेवावे. मग ‘पाच मिनिटांनी येऊन पाहीन’ असे सांगून जावे आणि पाचव्या मिनिटाला खरोखर यावे. येथे शब्द मोडला तर मागची सारी मेहनत वाया जाते. एकेक पायरी तीन-चार दिवस पक्की होऊ द्यावी. एखाद्या रात्री मूल डगमगले तर न रागावता एक पायरी मागे यावे. जमिनीलगत मंद दिवा ठेवण्यास हरकत नाही, आणि सकाळी न विसरता शाबासकी द्यावी. “काल तू दार उघडे असताना एकटा झोपलास,” असे नेमके कौतुक करावे.

स्वप्न, किंचाळणे आणि त्यापलीकडचे

रात्री दचकून उठण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. दुःस्वप्न बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात पडते. मूल पूर्ण जागे होते, स्वप्न सांगू शकते, जवळ घेतल्यावर शांत होते. दुसऱ्या प्रकारात झोप लागल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत मूल एकाएकी किंचाळत उठून बसते. डोळे उघडे असतात, घाम येतो, छाती धडधडते, पण ते आईलाही ओळखत नाही आणि सकाळी त्याला काहीच आठवत नाही. ते दृश्य पाहून घरचे हादरतात आणि ‘बाहेरचे काही’ असल्याची शंका घेतात. वस्तुतः गाढ झोपेतून अर्धवट जागे होण्याचा तो प्रकार आहे. अशा वेळी मुलाला हलवून जागे करू नये. पडणार-आपटणार नाही एवढे पाहत जवळ थांबावे. काही मिनिटांत ते आपोआप झोपते. पुरेशी झोप मिळू लागली की हे प्रकार बहुधा कमी होतात, आणि वाढत्या वयाबरोबर जातात.

काही वेळा मात्र भीती वेगळे सांगत असते. बंद झालेले अंथरूण ओले होणे पुन्हा सुरू झाले, मूल जोरात घोरत असेल, भीतीमुळे शाळा आणि खेळ सुटू लागला, अनेक आठवड्यांच्या प्रयत्नांनी फरक पडला नाही, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा बालमानसतज्ज्ञांना दाखवावे. शासनाची ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची विनामूल्य सेवा २०२२ पासून उपलब्ध आहे. आणि मूल एकाएकी एखाद्या विशिष्ट व्यक्तीला, घराला किंवा वाहनाला भिऊ लागले, कपडे बदलताना दचकू लागले, तर तो विषय टाळू नये. ती व्यक्ती नात्यातली, ओळखीची, प्रतिष्ठेची असली तरी मुलाचे ऐकावे. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक प्रत्येक घरात ठाऊक असला पाहिजे.

येथेच सुरुवातीच्या घराकडे पुन्हा वळावे लागते. ‘खिडकीत कोणीतरी आहे’ हे मुलाने विश्वासाने सांगितले, आणि त्याची थट्टा झाली. उद्या त्याला खरोखर कोणी त्रास दिला, कोणी धमकावले, कोणी वाईट मार्गाला ओढले, तर तो ते कोणाला सांगेल? लहान भीती सांगून ज्याची टर उडाली, तो मोठी भीती मनातच ठेवतो. रात्रीच्या त्या हाकेत आई-वडिलांची परीक्षा असते, ती याचसाठी.

त्या घरात पुढे काय घडावे? शिबिराचे पत्रक पाहून वडील संतापतात. “माझा मुलगा आणि अंधाराला भितो!” आजी वाती वळत असते. ती मान वर न करता म्हणते, “तू दहा वर्षांचा होईपर्यंत परसाकडे जाताना कंदील धरून मी बाहेर उभी राहायची. आतून दर मिनिटाला ‘आई, आहेस ना?’ म्हणून विचारायचास. विसरलास वाटते.”

वडील गप्प होतात. रात्री मुलाच्या अंथरुणाशी बसून ते ती कंदिलाची गोष्ट सांगतात. मुलगा चादर बाजूला करून उठून बसतो. “बाबा, तुम्हीसुद्धा घाबरायचात?” मग दोघे मिळून खिडकीशी जातात. समोरच्या गच्चीत वाळत घातलेला लांब बाह्यांचा अंगरखा वाऱ्याने हलत असतो.

त्या वर्षी मुलगा शिबिरात मुक्कामाला राहत नाही. दिवसभर तेथे खेळतो, रात्री वडील त्याला घेऊन येतात आणि सकाळी प्रार्थनेला पुन्हा पोहोचवतात. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. पुढच्या वर्षी उशाशी विजेरी घेऊन तो राहतो. त्याच्या पुढच्या वर्षी विजेरी घरीच विसरतो.

समर्थ रामदासांनी गावोगावी मारुतीची स्थापना केली ती निर्भय समाज घडावा म्हणून. त्या समाजाची घडण घराघरांत रात्री दहा वाजता, एका लहान अंथरुणाशी होत असते. आज रात्री आपल्या घरातून “आई, आहेस ना?” अशी हाक आली, तर हातातले काम बाजूला ठेवून “आहे” एवढे उत्तर जरूर द्यावे.